सतराव्या वर्षी टायमिंग अडकलं, म्हणजे कारकीर्द संपली का?

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सतरा वर्षांची, 800 मीटर पळते. पंधराव्या वर्षी तिने 2:13 ची वेळ दिली आणि आपल्या वयोगटात सगळ्यांना मागे टाकलं. त्यानंतर दोन हंगाम गेले, पण टायमिंग 2:14 ते 2:16 च्या मध्ये घुटमळतंय. एक प्रशिक्षक म्हणतात 1500 वर न्या, दुसरे म्हणतात वेग चांगला आहे, 400 कडे वळवा. कुणीतरी ‘मुलींचं असंच असतं, पंधराव्या वर्षी जे व्हायचं ते होऊन जातं’ असं सांगून मोकळंही झालं. वडिलांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: चॅम्पियन धावपटूची कारकीर्द नेमकी कशी पुढे सरकते, आपली मुलगी त्या वाटेवर आहे का, आणि शिक्षण वर्ष-दोन वर्षं बाजूला ठेवून तिला निवासी प्रबोधिनीत घालावं का.

त्यांनी सोबत आकडेही दिलेत, हे फार चांगलं केलं. शेवटच्या 800 मध्ये पहिला लॅप, म्हणजे 400 मीटरची फेरी, 62 सेकंद, दुसरा 72. 400 मीटरची सर्वोत्तम वेळ 58.5. 1500 एकदाच पळाली, 5:04. सराव आठवड्यातून सहा दिवस: पाच दिवस ट्रॅकवर इंटरव्हल (मध्ये दम घेत जोरात पळायचे तुकडे), सहाव्या दिवशी टाइम ट्रायल (घड्याळ लावून पूर्ण ताकदीने पळणं), आणि तेही वयाने मोठ्या मुलांच्या गटाबरोबर.

मी बरीच वर्षं मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतोय, त्यात चौदा ते बावीस वयाची मुलं-मुलीच जास्त. त्या अनुभवावरून सांगतो, ‘800 की 1500’ हा इथला खरा प्रश्न नाही. पंधराव्या वर्षीचे 2:13 कशाच्या जोरावर आले होते, आणि त्याच जोरावर आणखी किती पुढे जाता येईल, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर तिच्या लॅपमध्येच आहे.

62 आणि 72. दोन लॅपमध्ये दहा सेकंदांचा फरक. आता केनियाच्या डेव्हिड रुडिशाची 2012 ची लंडन ऑलिंपिकची फायनल घ्या, 1:40.91 चा विश्वविक्रम. तो सुरुवातीपासून पुढे होता, वेग ठरवून देणारा पेसर नव्हता. पहिला लॅप 49.28, दुसरा 51.63. फरक सव्वादोन सेकंदांच्या थोडा वर. तुम्ही म्हणाल, रुडिशाची गोष्टच वेगळी. मग आपला श्रीराम सिंग घ्या. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये त्याने पहिला लॅप 50.85 मध्ये, सगळ्यांच्या पुढे राहून काढला. शेवटी तो सातवा आला, 1:45.77. म्हणजे बेधडक सुरुवात करून, दमछाक होऊनही त्याचा दुसरा लॅप पहिल्यापेक्षा चारच सेकंदांनी मंद होता. ती वेळ भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून 2018 पर्यंत टिकली. जोरात सुरुवात करणं हा गुन्हा नाही. पण दहा सेकंदांची घसरण नुसत्या चुकीच्या पेसने होत नाही. पेस कमी केला तर ती 65 आणि 68 पळेल, म्हणजे 2:13. दोन वर्षांपूर्वी होती तिथेच.

दुसरी खूण 400 आणि 800 च्या वेळांमधल्या नात्यात दिसते. माझी जुनी सवय आहे, कुणीही नवा धावपटू आला की त्याच्या 400 च्या वेळेची दुप्पट करायची आणि 800 ची वेळ त्याहून किती जास्त आहे ते बघायचं. याची दोन टोकं सांगतो. ब्रिटनच्या सेबॅस्टियन को याची 400 मीटरची सर्वोत्तम वेळ 46.87, आणि 1981 मध्ये फ्लोरेन्सला त्याने 800 पळालं 1:41.73. दुपटीपेक्षा फक्त आठ सेकंद जास्त, म्हणजे साधारण साडेआठ टक्के. दुसरं टोक क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना. त्याने माँट्रियललाच 400 आणि 800 दोन्ही जिंकल्या, 44.26 आणि 1:43.50. दुपटीपेक्षा पंधरा सेकंद जास्त, सतरा टक्के. तो मुळात 400 चा राक्षस, त्यामुळे त्याला ते परवडलं. तुमच्या मुलीचा हिशोब साडेचौदा टक्क्यांचा येतो. ती हुआंतोरेनाच्या बाजूला झुकलेली आहे, पण तिच्याकडे 44 सेकंदांचं इंजिन नाही. हाच फरक अकरा टक्क्यांवर आला तर 58.5 चा वेग तसाच ठेवूनही ती 2:10 पळेल. वेगात एका शतांशाची सुधारणा न करता!

तिसरी खूण 5:04 ची 1500. एकदाच पळाली आहे, त्यामुळे तिला फार वजन देऊ नका. पहिली 1500 बहुतेकांची फसतेच. पण 2:14 पळणारी मुलगी साधारण 4:40 च्या आसपास असायला हवी. चोवीस सेकंदांची तफावत फक्त अननुभवाची नाही.

तिन्ही खुणा एकच सांगतात. मुलीकडे वेग आहे, तो टिकवून धरणारी एरोबिक, म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनवर चालणारी, ताकद नाही. 800 मीटरमध्ये लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण दोन तृतीयांश ऊर्जा एरोबिक मार्गाने येते, 1500 मध्ये तर ऐंशी टक्क्यांच्या वर. लोकांना 800 म्हणजे लांबवलेली स्प्रिंट वाटते आणि म्हणून लहान वयातच मुलांना इंटरव्हलच्या चरकात घालतात. त्याने पहिल्या वर्षी टायमिंग धडाधड पडतं, सगळे खूश होतात. दुसऱ्या वर्षी थोडं पडतं. तिसऱ्या वर्षी पडायचं थांबतं, कारण इंटरव्हलमधून मिळण्यासारखं जे होतं ते मिळून झालेलं असतं.

तर 1500 वर न्यायचं का? शर्यत बदलू नका, सराव बदला. को याचंच उदाहरण बघा. 1979 मध्ये त्याने 41 दिवसांत 800, एक मैल आणि 1500 असे तीन विश्वविक्रम मोडले. त्याचा 1981 चा 800 चा विक्रम 1997 पर्यंत टिकला. आणि तरीही ऑलिंपिकमध्ये 800 चं सुवर्ण त्याला कधी मिळालं नाही. 1980 ला मॉस्कोत आणि 1984 ला लॉस एंजेलिसला दोन्ही वेळा रौप्य. सुवर्ण मिळालं ते 1500 मध्ये, दोन्ही वेळा. जगातला सर्वांत वेगवान 800 धावपटू चोवीस-पंचवीस वर्षांचा झाला तरी त्याचा ‘खरा’ पल्ला कोणता हे ठरलेलं नव्हतं. तुम्ही ते सतराव्या वर्षी ठरवायला बसलाय.

इथे एक शंका हमखास येते: लांब पळवलं तर मुलीचा वेग जाईल. ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की उत्तर तोंडपाठ आहे. न्यूझीलंडचा पीटर स्नेल. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड 800 च्या धावपटूलाही आठवड्याला शंभर मैल पळवत, रविवारी डोंगरातून बावीस मैल. स्नेल 1960 ला रोममध्ये 800 जिंकला. डिसेंबर 1961 मध्ये तो चक्क मॅरेथॉन पळाला. जानेवारी 1962 च्या शेवटी त्याने मैलाचा विश्वविक्रम मोडला, 3:54.4, आणि आठवडाभराने क्राइस्टचर्चच्या गवताच्या ट्रॅकवर 800 चा, 1:44.3. 1964 ला टोकियोत 800 आणि 1500 दोन्ही. तुमच्या मुलीला शंभर मैल पळवा असं मी चुकूनही म्हणत नाहीये. तो पूर्ण वाढ झालेला, दणकट पुरुष होता. पण लांब पळण्याने वेग मरतो ही समजूत त्याने साठ वर्षांपूर्वीच निकालात काढली आहे. वेग मरतो तो वेगाचा सराव पूर्ण बंद केल्याने.

आता ‘मुलींचं असंच असतं’ याबद्दल. यात एक अर्धसत्य आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं, कारण चांगल्या मुली खेळ सोडतात त्या इथेच. चौदा ते अठराच्या दरम्यान मुलीचं शरीर बदलतं. वजन वाढतं, कंबर रुंदावते, चरबीचं प्रमाण नैसर्गिकपणे वाढतं, पळण्याची लय बिघडल्यासारखी वाटते. त्याच वयात मुलांचे स्नायू आयते वाढत असतात, त्यामुळे बरोबरची मुलं पुढे जातात आणि मुलगी जागच्या जागी राहते. वर्ष-दोन वर्षं टायमिंग थांबणं किंवा थोडं मागे जाणं अगदी नेहमीचं आहे. तो शेवट नसतो. शरीर स्थिरावलं की सुधारणा पुन्हा सुरू होते, मात्र मधल्या काळात घरच्यांनी आणि प्रशिक्षकाने घोळ घातला नसेल तरच.

घोळ ठरलेला असतो. टायमिंग थांबलं म्हणून सराव वाढवायचा, वजन वाढलं म्हणून जेवण कमी करायचं. मुलगी हलकी होते, दोन महिने वेगानेही पळते. मग पाळी अनियमित होते किंवा थांबते. अशा वेळी पाळी थांबली म्हणजे बहुतेकदा शरीराला पुरेसं अन्न मिळत नाहीये आणि हाडांची बांधणी मंदावली आहे. आयुष्यभराची हाडांची पुंजी बहुतेक विशीच्या आतच जमते, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण ती अडवून धरतो. पुढचा टप्पा नडगीत किंवा पायाच्या पंजात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर. म्हणून हे वाचताना अवघड वाटलं तरी तिच्या आईने किंवा जिच्याशी ती मोकळेपणाने बोलते अशा कुणीतरी तिला स्पष्ट विचारावं. तीन महिने किंवा जास्त काळ पाळी आली नसेल, किंवा अजून सुरूच झाली नसेल, तर सरावाचा विचार नंतर, आधी डॉक्टर. आणि बाकी सगळं ठीक असलं तरी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. हिमोग्लोबिन नॉर्मल आणि लोहाचा साठा तळाला, अशा मुली मी खूप पाहिल्या आहेत. वॉर्मअपमध्ये छान दिसतात, पहिल्या लॅपलाही छान, आणि साडेचारशे-पाचशे मीटरला पायांतून कुणी जीव काढून घेतल्यासारख्या होतात. 62-72 चं एक कारण हेही असू शकतं. मी तिला पाहिलेलं नाही, त्यामुळे एरोबिक पाया, वयातले बदल आणि लोह या तीन कारणांपैकी कोणतं किती खरं हे मी इथून सांगू शकत नाही, रिपोर्ट सांगेल.

चॅम्पियनची कारकीर्द कशी सरकते, हे विचारलंत. वरवर जाणारी सरळ रेघ डोक्यात असेल तर ती आधी पुसा. मला विचाराल तर ब्रिटनची धावपटू केली होम्स (Kelly Holmes) हिची कारकीर्द पालकांनी बारकाईने वाचावी. शाळेत असताना ती इंग्लंडच्या शालेय स्पर्धेत 1500 जिंकली होती. म्हणजे तीही ‘लवकर चमकलेली मुलगी’. अठराव्या वर्षाच्या सुमारास ती सैन्यात गेली, ट्रक चालवायला लागली, पुढे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षक झाली, आणि गंभीर स्पर्धात्मक धावणं काही वर्षं सुटलंच. 1992 चं बार्सिलोना ऑलिंपिक तिने टीव्हीवर पाहिलं. तिथे आपल्याबरोबर पळलेली एक मुलगी ट्रॅकवर दिसली आणि ती परत सरावाला लागली. वय बावीस. सतराव्या वर्षी कुणी तिचा आलेख काढला असता तर तो तिथेच तुटलेला दिसला असता.

दोन वर्षांत, 1994 ला, राष्ट्रकुल स्पर्धेत 1500 चं सुवर्ण. 1995 च्या जागतिक स्पर्धेत 1500 मध्ये रौप्य, 800 मध्ये कांस्य. इथवर गोष्ट गोड आहे. 1996 ला अटलांटात ती स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन पळाली, 800 मध्ये चौथी आली, पदक हुकलं. 1997 ला जबरदस्त फॉर्ममध्ये होती, 1500 मध्ये 3:58.07 चा ब्रिटिश विक्रम केला, आणि अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत पायाच्या दुखापतीने पहिल्याच फेरीत लंगडत बाहेर. 2000 ला सिडनीत 800 चं कांस्य. 2003 ला जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य, 800 मध्ये, मोझांबिकच्या मारिया मुटोलाच्या मागे. त्याच वर्षी दुखापतींनी ती इतकी खचली होती की स्वतःला इजा करून घेत होते, असं तिने नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितलं. आणि 2004 ला अथेन्समध्ये, चौतिसाव्या वर्षी, पाच दिवसांच्या अंतराने 800 आणि 1500 दोन्हींची सुवर्णं. 1500 ची वेळ 3:57.90. सात वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच विक्रमात जेमतेम 0.17 सेकंदाची सुधारणा!

हा शेवटचा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगतो. सात वर्षांत 0.17. टायमिंगवर डोळा ठेवून बसलेला माणूस म्हणाला असता, ही थांबली. पण त्या सात वर्षांत ती शर्यत पळायला शिकली. अथेन्सची 800 ची फायनल मिळाली तर मुलीबरोबर बसून बघा. बाकीच्या झपाट्याने निघतात, होम्स निवांत सगळ्यांच्या मागे. दुसऱ्या लॅपमध्ये एकेक जण ढेपाळत जाते आणि ही मात्र त्याच वेगात बाहेरून पुढे सरकत राहते. शेवटी 1:56.38, मागच्या दोघींना 1:56.43. बघताना वाटतं तिने वेग वाढवला. प्रत्यक्षात बाकीच्यांचा कमी झाला.

याच्या उलट उदाहरणंही आहेत, ती लपवत नाही. रुडिशाच्या त्या लंडनच्या फायनलमध्ये तिसरा आला टिमथी किटुम, वय 17, वेळ 1:42.53. तुमच्या मुलीएवढा. ती त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ ठरली. अमेरिकेचा जिम रायन सतराव्या वर्षी मैल चार मिनिटांच्या आत पळाला, एकोणिसाव्या वर्षी विश्वविक्रमवीर झाला. ऑलिंपिकमध्ये मात्र त्याच्या वाट्याला 1968 चं रौप्य आणि 1972 ला हीटमध्ये पडणं आलं. ऑस्ट्रेलियाचा हर्ब एलियट 1500 आणि मैलात मोठ्या गटात कधीच हरला नाही आणि बाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. आणि केनियाची फेथ किपयेगॉन, जी अठराव्या वर्षी 1500 ची ज्युनियर जगज्जेती होती, ती ऑलिंपिकमध्ये 2016, 2021 आणि 2024 अशी सलग तीन वेळा 1500 जिंकली, मध्ये 2018 ला बाळंतपण झालं, आणि 1500 चे विश्वविक्रम तिने त्यानंतर केले. म्हणजे लवकर चमकणारे टिकतच नाहीत, असाही नियम नाही.

मग नियम काय? मी इतकी वर्षं पाहिलेला एकच: ज्याला दुखापतीशिवाय सलग सराव करता आलेले हंगाम जास्त, तो पुढे जातो. प्रतिभा हवीच, ती नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. पण तुल्यबळ प्रतिभेच्या दोघांमध्ये फरक पडतो तो इथे. रुडिशासारखा माणूस 2013 च्या जागतिक स्पर्धेला गुडघ्यामुळे मुकला. त्यामुळे मुलीच्या वहीत मी टायमिंगच्या शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगेन: या महिन्यात दुखणं, आजारपण किंवा अति थकवा यामुळे किती सराव बुडाला. त्या रकान्यातले आकडे कमी होत असतील तर टायमिंग थांबलेलं असतानाही ती पुढे जातेय असं समजा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. रिपोर्ट नीट आले, कुठे दुखत नाही, असं धरून चालतो. तिच्या सध्याच्या आठवड्यातली टाइम ट्रायल आजपासून बंद. दर आठवड्याला स्वतःशी शर्यत लावून कुणी वेगवान होत नाही, फक्त शर्यतीची धास्ती बसते. पाच इंटरव्हलच्या दिवसांपैकी एकच ठेवा, दुसरा कठीण दिवस टेम्पोचा. टेम्पो म्हणजे सहा-सहा मिनिटांचे तीन-चार तुकडे, मध्ये मिनिटभर हळू जॉग, आणि वेग असा की एखादं छोटं वाक्य बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत. उरलेले दिवस सावकाश पळणं, आणि इथे सावकाश म्हणजे खरोखर सावकाश: बोलता बोलता पळता आलं पाहिजे. आठवड्यातून एकदा लांब, पन्नास मिनिटांपासून सुरू करून दोन-तीन महिन्यांत सत्तरपर्यंत. शक्य तिथे मातीवर किंवा गवतावर. एक दिवस पूर्ण विश्रांती.

वेग राखण्यासाठी दोन सावकाश दिवसांच्या शेवटी शंभर-शंभर मीटरचे सहा स्ट्राइड, जोर न लावता, ताठ आणि मोकळं पळत. आठवड्यातून एकदा छोट्या चढावर दहा सेकंदांच्या आठ उड्या म्हणा, स्प्रिंट म्हणा, पूर्ण ताकदीने, मध्ये चालत खाली येत पूर्ण दम घेऊन. एवढ्याने 58.5 कुठेही जात नाही. स्क्वॉट, लंज, पोटरीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. पोटरीचे तर कंटाळा येईपर्यंत.

मुलांच्या गटाबद्दल एक सांगायचं राहिलं. मोठ्या मुलांबरोबर पळवलं की मुलगी घडते, असं समजतात. टेम्पोला किंवा एखाद्या इंटरव्हलला ठीक आहे. पण सावकाश पळण्याच्या दिवशी ती त्यांच्या मागे धापा टाकत असते. त्यांचा सावकाश तो हिचा टेम्पो. मग हिचे आठवड्याचे सगळेच दिवस मध्यम-कठीण होतात, ना धड आराम ना धड मेहनत. सावकाश दिवशी तिला एकटी किंवा तिच्यापेक्षा हळू असणाऱ्या मैत्रिणीबरोबर सोडा. अहंकाराला थोडं लागतं, पण चालतं.

सुरुवातीचे सहा-आठ आठवडे ती कुरकुर करेल की पाय जड झालेत, वेग गेला. टायमिंग कदाचित आणखी सेकंदभर बिघडेल. नेमकं याच वेळी घरच्यांचा धीर सुटतो आणि पुन्हा जुन्या इंटरव्हलवर उडी पडते. (तुमच्याकडचं स्टॉपवॉच त्या काळात कपाटात राहिलं तर दोघांनाही बरं.) एरोबिक पाया महिन्यांच्या हिशोबात तयार होतो, इंटरव्हलचा फॉर्म आठवड्यांच्या हिशोबात. म्हणून शर्यतींच्या आधीच्या शेवटच्या आठ आठवड्यांत इंटरव्हल पुन्हा वाढवा: 300 मीटरचे पाच तुकडे, भरपूर विश्रांती देऊन, 800 च्या वेगाने, पुढे एखाद्या वेळी 600 आणि 300. तेव्हा दिसेल फरक.

1500 आणि 3000 ऑफ-सीझनमध्ये जरूर पळू द्या, क्रॉस-कंट्रीही. तिथे जिंकायचं ओझं नको. आणि मोठ्या 1500 च्या शर्यती नेहमी वेगानेच जिंकल्या जातात असंही नाही. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने 1500 चं सुवर्ण 3:50.00 मध्ये घेतलं, चांगल्या ज्युनियरलाही जमेल अशी वेळ. सगळा खेळ शेवटच्या लॅपचा होता. उद्या ती 1500 ची धावपटू झालीच, तर हा 58.5 चा वेगच तिथे कामाला येईल. म्हणून 400 सुद्धा हंगामात दोन-तीनदा पळू द्या. तिन्ही अंतरं चालू ठेवा, विशीपर्यंत तरी.

निवासी प्रबोधिनीबद्दल माझं मत ठाम नाही, कारण ते त्या प्रबोधिनीवर अवलंबून आहे. शिक्षण मात्र पूर्ण सोडू नका. को विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत असतानाच विश्वविक्रमापर्यंत पोहोचला. रॉजर बॅनिस्टर मैलाची चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा फोडताना वैद्यकीय विद्यार्थी होता. या खेळात दिवसाला दोन-अडीच तासांपेक्षा जास्त कष्ट शरीराला झेपतच नाहीत. उरलेला दिवस रिकामा बसून फक्त पुढच्या शर्यतीची काळजी करणारी सतरा वर्षांची मुलगी सुखी राहत नाही. प्रबोधिनी पाहायला गेलात तर पदकांचं कपाट बघू नका. त्यांना विचारा, पाच वर्षांपूर्वी सोळा-सतरा वयात आलेल्या मुलींपैकी किती जणी आज पळतायत. विचारा, दुखापत झाली की निर्णय कोण घेतं, प्रशिक्षक की फिजिओ. वजन रोज करतात का, आणि ते सगळ्यांसमोर वाचतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तिथूनच परत फिरा.

सुधारणा मोजायची असेल तर साधारण सहा महिन्यांनी एक 1500 पळवा, 800 नको. सुरुवात 76-77 च्या लॅपने करायला सांगा आणि प्रत्येक लॅप लिहून ठेवा. 5:04 वरून ती 4:48 च्या आत आली आणि शेवटचे तीनशे मीटर आधीपेक्षा वेगात गेले, तर आहे तोच सराव पुढे चालू ठेवा, 800 ला हंगामात आपोआप फळ दिसेल. सहा महिन्यांनीही पाच मिनिटांच्याच आसपास असेल, तर सराव आणखी वाढवू नका. फेरिटिन पुन्हा तपासा, ती रात्री किती तास झोपते ते बघा, आणि ‘सावकाश’ दिवशी ती खरोखर सावकाश पळते का, हे एकदा स्वतः मैदानावर जाऊन पाहा.